पुरावा कोणी द्यायचा? आरेच्या वादातील तर्कदोष

काही वादांत माणूस तोंड उघडण्यापूर्वीच हरलेला असतो. 'तू सिद्ध कर' असे त्याला सांगितले जाते आणि सिद्ध करण्याची साधने मात्र सांगणाऱ्याच्याच कपाटात असतात. तर्कशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात तर्कदोषांची यादी असते, ती विद्यार्थी पाठ करतात. पण सिद्धतेचा भार कोणावर टाकायचा हे कोण ठरवते, हा सत्तेचा प्रश्न त्या यादीत येत नाही. गोरेगावच्या आरे कॉलनीचा वाद या दृष्टीने वाचला पाहिजे.

शहरातील म्हशींचे तबेले बाहेर हलविण्यासाठी १९४९ साली सरकारने आरेची दूध वसाहत उभारली. सुमारे तेराशे हेक्टर जमीन दुग्धविकासाच्या दप्तरात गेली. केलटी पाडा, जीवाचा पाडा, नवशाचा पाडा, प्रजापूर पाडा अशी वारली, कोकणा, मल्हार कोळी यांची वस्ती तेथे आहे. पुढे मेट्रो-३ ची कारशेड येथे ठरली. झाडे तोडण्यास विरोध झाला, तेव्हा सरकार पक्षाचे उत्तर होते : नोंदीत हे जंगलच नाही.

हे उत्तर नीट तपासावे. जंगल का नाही? तर नोंद नाही. नोंद का नाही? तर ते जंगल नाही. याला चक्रक दोष म्हणतात. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरायचे. शिवाय नोंद करण्याचा अधिकार ज्याचा, तोच नोंद नसल्याचा पुरावा पुढे करतो. नोंद नाही यावरून फक्त नोंद नाही एवढेच सिद्ध होते. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, शब्दकोशातील अर्थाने जे जंगल, ते मालकी कोणाचीही असली तरी जंगलच. तरीही आरेला जंगल ठरविण्याची मागणी ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची मनाई आली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. २०२० साली सरकारनेच आरेतील सुमारे आठशे एकर क्षेत्र राखीव जंगल करण्याचे जाहीर केले. उरलेली झाडे तीच होती, माती तीच होती. बदलली ती सत्ता, आणि तिच्याबरोबर नोंद.

दुसरा दोष खोट्या पेचाचा. 'मेट्रो हवी की झाडे?' असे विचारले गेले. वाद मेट्रो असावी की नसावी हा नव्हता, कारशेड कोठे असावी हा होता. आणि २०२० मध्ये कांजूरमार्गची जागा सरकारनेच पुढे आणली होती. २०२२ मध्ये निर्णय पुन्हा फिरला, ती गोष्ट वेगळी. तिसरा दोष व्यक्तीवर घसरण्याचा : 'तुम्हीही इमारतीतच राहता ना?' बोलणारा कोठे राहतो यावरून त्याचे म्हणणे खरे की खोटे ते ठरत नाही.

दावा करणाऱ्याने तो सिद्ध करावा, हे तत्त्व चुकीचे नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होते, त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही आहे. प्रश्न एवढाच की, दावा नेमका कोणाचा? महाडला सवर्णांनी दावा लावला : चवदार तळे आमच्या खाजगी मालकीचे, आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादि काळापासूनची. १९२७ साली सुरू झालेला हा दावा १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात संपला. वहिवाट अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूला 'आम्ही माणसे आहोत' हे सिद्ध करावे लागले नाही. ज्यांना बंदी हवी होती त्यांनीच बंदीचा आधार दाखवायचा होता. त्यासाठी दहा वर्षे लढावे लागले, हेही विसरू नये.

आज भार पुन्हा आपल्याकडे सरकतो. जात पडताळणीच्या महाराष्ट्राच्या २००० च्या कायद्यातील कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच. १९५० पूर्वीचा कागद मागितला जातो. ज्याच्या आजाला शाळेच्या उंबऱ्यापाशी उभे केले नाही, त्याच्या नातवाने आजाचा शाळेचा दाखला आणायचा! २००६ चा वनहक्क कायदा या बाबतीत शहाणा आहे. त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब, जुन्या घरांच्या खुणा, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हेही पुरावे मानले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर एखाद्याच विशिष्ट कागदाचा आग्रह धरू नये असे बजावले आहे. आरेतील वाघदेवाचे ठाणे हाही असा एक दस्तऐवजच आहे. तो वाचण्याची तयारी हवी.

आता स्वतःकडे वळू. आपल्या सभांतही 'विरोध करतो तो मनुवादी' असे म्हणून वाद संपविला जातो. मेट्रो मागणारा गोरेगावचा कामगारही लोकलच्या दारात लोंबकळत कामावर जातो. त्याला शत्रू ठरविणे हा तर्कदोषच आहे. 'आदिवासी अनादि काळापासून येथे आहेत' एवढे म्हणून थांबणे हेही पुरेसे नाही. 'अनादि' हा शब्द महाडच्या वादींनीही वापरला होता आणि तो त्यांना पेलला नाही. प्रत्येक पाड्यावरील म्हाताऱ्यांचे जबाब, वंशावळी, विहिरींचे नकाशे तारखेनिशी लिहून ठेवणे हे काम घोषणेपेक्षा कंटाळवाणे आहे, आणि त्याहून टिकाऊ आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरेच्या मेट्रोचे उद्घाटन झाले. तेव्हा आता वाद कशाला, असे विचारले जाईल. गाडी धावते यावरून युक्तिवाद बरोबर होता हे सिद्ध होत नाही. उद्या हाच युक्तिवाद दुसऱ्या पाड्यावर, दुसऱ्या वस्तीवर येईल. तेव्हा उत्तर देण्याच्या घाईत पडण्याआधी कार्यकर्त्याने, शिक्षकाने, विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारावा : येथे बदल कोणाला हवा आहे? मग पुरावा आधी त्याने द्यावा.