सर फ्रेडरिक साइक्स यांचें आत्मचरित्र व बोरिवलीचा पुरावा

मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांचें ‘फ्रॉम मेनी अँगल्स’ हें आत्मचरित्र इ. स. १९४२ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या प्रांताच्या अर्वाचीन इतिहासाचें साधन म्हणून त्याची योग्यता किती, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारास घेतला आहे.

साइक्स यांचा जन्म १८७७ चा. बोअर युद्धांत लढून १९०१ सालीं ते पंधराव्या हुसार रिसाल्यांत अधिकारी झाले. पुढें घोडा सोडून त्यांनीं विमान धरिलें, व १९१८ सालीं ब्रिटिश हवाई दलाचें प्रमुखपद त्यांजकडे आलें. १९२२ सालीं शेफील्डच्या हॅलम मतदारसंघांतून ते पार्लमेंटांत गेले, आणि डिसेंबर १९२८ पासून पांच वर्षें मुंबईचे गव्हर्नर होते. १९५४ सालीं ते वारले. एरिक अ‍ॅश यांनीं १९९९ सालीं त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ १९१२ ते १९१८ या हवाई कारकीर्दीपुरताच आहे. त्यामुळें मुंबईच्या पांच वर्षांकरितां अभ्यासक सहजच आत्मचरित्राकडे वळतो. आणि येथेंच सावधगिरी हवी.

कै. राजवाडे यांनीं बखरींस लावलेली कसोटी या ग्रंथासहि लावली पाहिजे. अधिकार सोडल्यावर नऊ वर्षांनीं छापलेली ही पक्षकाराची कैफियत आहे. ती टाकाऊ नाहीं. कौन्सिलांत बसलेल्या माणसाची साक्ष दुसऱ्या कोणाकडून मिळावयाची? परंतु समकालीन अस्सल कागदाची जोड मिळाल्यावांचून ती ग्राह्य धरतां येत नाहीं.

उदाहरणार्थ, १९३० चें प्रकरण घ्या. गव्हर्नर मूळचा स्वार, म्हणून दडपशाहीहि स्वारी घालण्याच्या पद्धतीची, असें अनुमान करण्याचा मोह होतो. तारखा त्यास आड येतात. महात्मा गांधींनीं दांडीस मिठाचा कायदा मोडला ६ एप्रिलला. कराडी येथें त्यांस अटक झाली ५ मे रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर. मध्यें एकोणतीस दिवस गेले. या विलंबांत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन व विलायत सरकार यांचाहि वांटा होता. तेव्हां एकट्या गव्हर्नराच्या स्वभावावरून हें कोडें उलगडत नाहीं.

अटक झाली ती १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनान्वयें. चौकशीवांचून माणसास बंदींत ठेवण्याचा हा अधिकार एल्फिन्स्टनच्या अमदानींतला. पेशवाई बुडून त्या वेळीं जेमतेम नऊ वर्षें झालीं होतीं. हवाई दल हांकलेल्या अधिकाऱ्यानें हत्यार वापरलें तें १०३ वर्षांपूर्वींचें! गांधींस आगगाडीनें साष्टींतील बोरिवलीपर्यंत आणिलें व तेथून मोटारीनें येरवड्यास नेलें. ही गुप्त हालचाल अ‍ॅशमीड-बार्टलेट व नेगली फार्सन या दोघां परदेशी वार्ताहरांनीं बोरिवलीस पाहिली. अशी तटस्थ साक्ष कैफियतीशीं ताडून पाहण्यास फार उपयोगी पडते.

पार्ल्यास तेव्हां जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रहाची छावणी होती. तिच्या शेजारच्याच जुहूच्या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. १९१९ ते १९२२ पर्यंत ब्रिटनचें मुलकी विमानखातें पाहिलेल्या गव्हर्नरास यांपैकीं एक दृश्य प्रिय व दुसरें अप्रिय असावें, असा तर्क करतां येईल. पण तर्क तो तर्कच.

सारांश, हा ग्रंथ संग्रहीं असावा, निकालास मात्र तो एकटा पुरेसा नाहीं. हाच नियम सत्याग्रहींच्या आठवणींसहि लावावा. आपल्या बाजूची म्हणून कोणतीहि कैफियत सत्य ठरत नाहीं. पार्ले, अंधेरी, बोरिवली येथील जुनीं घरें पाडून तेथें मनोरे उठत आहेत, आणि काँग्रेस बुलेटिनाचे अंक, नोटिसा, तुरुंगांतील पत्रें रद्दींत जात आहेत. संग्राहकांनीं पेशवाईच्या दप्तराइतकीच आस्था या कागदांविषयीं बाळगावी, अशी आमची विनंती आहे. ते नष्ट झाले, तर साइक्स यांच्या कैफियतीस उत्तर देणारा साक्षीदार उरणार नाहीं.