पाणपोई आणि दूरध्वनी : अनुक्त प्रेमाचे दोन प्रकार

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. केलेले यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची त्यात मोजदाद आहे. काही अनुक्त राहू नये, हीच त्याची प्रतिज्ञा. त्याच राजकुळातील हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'ची प्रवृत्ती नेमकी उलट आहे. तिच्यातील हालिक, वाटसरू, ग्रामणीच्या घरची माणसे प्रेमाविषयी फारसे बोलत नाहीत. कामे करतात, आणि त्या कामांतून जे कळावयाचे ते कळते.

जुनिचिरो तानिझाकी यांच्या 'सासामेयुकी' या कादंबरीचा विचार करताना मराठी वाचकाला या गाथांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 1943 मध्ये ती मासिकातून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा युद्धकाळाला न शोभणारी म्हणून लष्करी सत्तेने ती बंद पाडली. 1948 मध्ये ती पूर्ण झाली. ओसाकातील उतरती कळा लागलेल्या व्यापारी घराण्यातील चार बहिणी, त्यांपैकी तिसरी युकिको हिच्यासाठी येणारी स्थळे, मुलगी दाखविण्याचे प्रसंग, फुलोऱ्याच्या दिवसांतील सहली, आजारपणे, एवढाच तिचा ऐवज. येथेही प्रेम उच्चारले जात नाही. म्हणून दोहोंना 'व्यंजनाप्रधान' हे एकच लेबल लावण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे.

पाणपोईची गाथा घ्यावी. वाटसरू वर पाहत, ओंजळीची बोटे विरळ करून पाणी पितो. पाणी घालणारी तरुणीही आधीच बारीक असलेली धार अधिकच बारीक करीत जाते. (ही पाणपोई नाणेघाटातील टाक्यांजवळच होती, असे म्हणणाऱ्या स्थानाभिमानाला गाथेत आधार नाही.) येथे मौन आहे, पण संदिग्धता नाही. दोघांनाही सारे कळले आहे. धार बारीक होणे हेच उत्तर. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून निवडलेल्या गाथेतही तसेच घडते. कुत्र्याला गोदातीरच्या सिंहाने मारले, आता खुशाल हिंड, असे धार्मिकाला सांगणारी स्त्री वस्तुतः त्याला तिकडे येण्यास मनाई करीत असते. वाच्य विधी, व्यंग्य निषेध. वक्ता, श्रोता व प्रसंग ठरला की अर्थ निश्चित होतो. टीकाकार गाथेपूर्वी 'अमुक अमुकीला म्हणते' असे जोडतात ते त्यासाठीच. त्यांची कल्पना पुष्कळदा जारिणीपाशीच घुटमळते हे खरे, परंतु पद्धत गाथेच्या जातीला धरून आहे. गाथेचे मौन हे चतुर मौन आहे.

युकिकोचे मौन त्या जातीचे नाही. एक विधुर गृहस्थ अनुकूल झालेले असतात. ते दूरध्वनीवरून तिला फिरावयास बोलावतात. ती यंत्रापाशी येण्यासच विलंब लावते, आल्यावर तिला शब्द सुचत नाहीत. त्यांना तो अपमान वाटतो आणि स्थळ हातचे जाते. तिला ते हवे होते की नव्हते? कादंबरी सांगत नाही. ज्या साचिकोच्या दृष्टीने बहुतेक कथा दिसते, त्या थोरल्या बहिणीलाही ते ठाऊक नाही. येथे वक्ता, श्रोता, प्रसंग तिन्ही निश्चित असून व्यंग्य मात्र हाती लागत नाही. ध्वनिवादी या मौनामागे लपलेले वाक्य शोधील; पण तसे वाक्य तेथे नाहीच. युकिकोच्या डोळ्याजवळ येणारा-जाणारा डाग घरची माणसे जशी काळजीने न्याहाळतात, तसेच तिचे न बोलणेही न्याहाळतात, आणि तितकेच त्यांना उमगते.

'संयम' हा शब्द दोहोंसाठी वापरला म्हणजे हा भेद बुजतो. गाथेत न बोलल्याने काही गमवावे लागत नाही. उलट काम साधते. तानिझाकींकडे न बोलण्याची किंमत पडते, आणि ती कोणी मोजलेली नाही. चार ओळींच्या आत संपणाऱ्या रचनेला हे परवडले नसते; त्यासाठी तीन भागांची संथ कादंबरी, तीतील वर्षांमागून वर्षे आवश्यक होती. अखेर लग्न ठरते, युकिको तोक्योच्या गाडीत बसते, आणि कादंबरी संपते ती तिच्या बिघडलेल्या पोटाच्या उल्लेखावर. अपशकुन, अनिच्छा, की नुसते पोट?