पाठीवरचें बिऱ्हाड

एखाद्या ग्रंथाचें नांव त्या ग्रंथाहून दीर्घायुषी ठरावें, असें वाङ्मयाच्या इतिहासांत अनेकदां घडतें. १९९७ सालीं त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स या दोघांनीं लिहिलेलें 'डिजिटल नोमॅड' हें पुस्तक त्यांपैकींच एक होय. आज तें मुद्दाम शोधून वाचणारे थोडे. पण त्याचें नांव मिरविणारे लोक जगभर पसरले आहेत. लॅपटॉप पिशवींत घालून उष्ण कटिबंधांतील एखादें बेट गांठावयाचें, तेथें महिन्याच्या वर्गणीनें मेज-खुर्ची घ्यावयाची आणि हजारों कोस दूर असलेल्या मालकाचें काम करावयाचें, असा ज्यांचा जीवनक्रम आहे ते स्वतःस 'डिजिटल नोमॅड', म्हणजे आपल्या भाषेंत 'भटके', म्हणवितात. ज्या भाषेंत 'भटका' या शब्दाला फार कडू इतिहास आहे, त्या भाषेच्या वाचकानें हें नांव विचार न करतां स्वीकारावें, असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून हें पुस्तक, त्याच्या मागून आलेला एक समाजशास्त्रीय ग्रंथ, आणि या दोहोंच्या शेजारीं सहसा न ठेवला जाणारा एक तिसरा ग्रंथ, असे तीन ग्रंथ एकत्र ठेवून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माकिमोतो हे जपानांतील सेमीकंडक्टर-उद्योगांतील नामांकित अभियंते, आणि मॅनर्स हे त्याच विषयावर लिहिणारे इंग्रज पत्रकार. त्यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें : सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं शेतीनें मनुष्यास एका जागीं बांधलें, यंत्रें लहान, स्वस्त आणि परस्परांशीं जोडलेलीं झालीं कीं तें बंधन सैल होईल, आणि स्थायिक व्हावें कीं भटकावें, हा प्रश्न मनुष्यापुढें पुन्हां एकवार उभा राहील. ग्रंथकारांच्या दूरदृष्टीबद्दल त्यांस श्रेय दिलेंच पाहिजे. ज्या वर्षीं हें पुस्तक निघालें त्याच वर्षीं वायफायचें पहिलें तांत्रिक मानक प्रसिद्ध झालें. म्हणजे ज्या अदृश्य दोरीवर आजचा सारा डोलारा उभा आहे, ती तेव्हां नुकती वळली जात होती. यंत्राविषयींचें त्यांचें भविष्य बव्हंशीं खरें ठरलें. परंतु काम कोठूनहि करतां येईल, एवढें सांगून भागत नाहीं. 'कोठूनहि' म्हणून ज्याचा उल्लेख होतो तें कोणाचें तरी गांव असतें, आणि या गांवाविषयीं पुस्तकाला फारसें कांहीं सांगावयाचें नाहीं.

हें गांव प्रत्यक्षांत कोठें वसलें, हें पाहावयाचें तर इंडोनेशियांतील बाली बेटाकडे वळावें लागतें. तेथील उबुद या गांवीं २०१३ मध्यें 'हुबुद' नांवाची सामाईक कचेरी बांबूच्या इमारतींत निघाली. अशा जागेस हल्लीं 'को-वर्किंग स्पेस' म्हणतात. पुढें किनाऱ्यावरील चांगू या गांवीं अशा जागांची, त्यांच्याभोंवतीं कॉफीगृहांची आणि भाड्याच्या बंगल्यांची दाटी झाली. आंत पाहावें तर लांब मेजें, पाठ टेकावयास बऱ्या खुर्च्या, दूरध्वनीवर बोलण्यासाठीं कांचेच्या कोठड्या, वीज गेली तर जनित्र, आणि सर्वांत मुख्य म्हणजे न तुटणारें इंटरनेट. कचेरीला कंटाळून जो पळाला त्यानें अर्धें जग ओलांडून पुन्हां कचेरीच बांधली, असें म्हणून या गोष्टीची थट्टा करणें सोपें आहे. त्या थट्टेंत थोडें तथ्य आहे. पण कारण समजून घेतलें कीं हंसूं मावळतें. हिवाळ्यांत न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां बालींत रात्रीचे दहा वाजलेले असतात. ज्याचा मालक न्यूयॉर्कला आहे, त्याचा दिवस बालींतल्या सूर्यावर उगवत नाहीं. शेजारचें गांव निजलेलें असतांना तो जागा, आणि गांव जागें असतांना तो झोंपलेला. अशा मनुष्यास एकाकीपणा खाऊं लागतो, आणि मेज-खुर्चीच्या वर्गणीबरोबर तो कांहीं अंशीं सोबतीचेहि पैसे भरतो.

ही सोबतीची भूक रेचल वोल्डॉफ आणि रॉबर्ट लिचफील्ड यांनीं सहानुभूतीनें टिपली आहे. 'डिजिटल नोमॅड्स' हा त्यांचा ग्रंथ २०२१ मध्यें ऑक्सफर्डनें प्रसिद्ध केला, आणि त्यासाठीं ग्रंथकारांनीं बालींत राहून या मंडळींशीं संवाद केला. स्वातंत्र्य, समुदाय आणि अर्थपूर्ण काम, या तिहींच्या शोधांत ही माणसें निघालीं आहेत, असें ग्रंथाचें उपशीर्षकच सांगतें. महानगरांतील न परवडणारें भाडें, तुटपुंजी रजा, कामांतला निरर्थकपणा, यांविषयींची त्यांची तक्रार खोटी नाहीं, हें ग्रंथ वाचून पटतें. आणि मुंबईच्या लोकलनें रोज दोन-दोन तास जाणाऱ्या वाचकास तें पटविण्याची गरजहि नाहीं. ग्रंथकारांनीं आपल्या पात्रांस उनाड ठरवून निकालांत काढलें नाहीं, हा त्यांचा मोठा गुण होय. मात्र ग्रंथ मिटल्यावर मनांत राहतात ते हे पाहुणे. ज्यांच्या दारीं ते उतरले तीं माणसें कडेला उभीं राहतात. हा ग्रंथाच्या विषयाचा स्वीकृत मर्यादाभाग आहे, असें म्हणतां येईल. पण 'समुदाय' हा शब्द शीर्षकांत घेतल्यावर, त्याच गांवीं शतकानुशतकें नांदत असलेल्या दुसऱ्या समुदायाशीं त्याची तुलना टाळतां येत नाहीं.

हा दुसरा समुदाय म्हणजे बालीचा 'बंजार'. आपल्याकडील बंजारा समाजाशीं या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. उलट, बंजार म्हणजे एका वस्तींत घट्ट रुजलेल्या कुटुंबांचें मंडळ. 'कुलकुल' नांवाचा पोकळ लांकडाचा ठोका पडला कीं सभासदानें यावयाचें. देवळाची दुरुस्ती असो कीं कोणाचें अंत्यसंस्कार असोत, हात लावावयाचा. चुकल्यास दंड द्यावयाचा. येथें सभासदत्व विकत मिळत नाहीं, आणि महिना संपला म्हणून संपतहि नाहीं. आम्ही बंजाराचें उदात्तीकरण करीत नाहीं. अशा बंधनांत गुदमरणारीं माणसें तेथेंहि असतील, जशीं आपल्या भावकींत असतात. पण समुदाय या वस्तूला एक किंमत असते, आणि ती वेळानें, अंगमेहनतीनें व नको त्या शेजाऱ्यास सहन करण्यानें फेडावी लागते. सामाईक कचेरींतील समुदायांत ती सारी पैशानें फेडली जाते. म्हणून तो लवकर जमतो आणि तितक्याच लवकर पांगतो.

आतां तिसरा ग्रंथ. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांचा 'प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स' हा ग्रंथ १९९१ सालचा, म्हणजे लॅपटॉपवाल्यांची ही वस्ती बसण्याच्या पुष्कळ आधींचा. यांतील विषय भातशेतीच्या पाण्याचा आहे. बालींत शेतकऱ्यांचे 'सुबाक' नांवाचे पाणीवांटप-संघ आहेत, आणि कोणत्या सुबाकानें केव्हां पेरावें व केव्हां रान पडीक ठेवावें, याचा मेळ पाण्याच्या देवळांतून घातला जातो. १९७० नंतरच्या दशकांत हरितक्रांतीच्या अधिकाऱ्यांनीं शेतकऱ्यांस सांगितलें कीं, जमेल तितक्या वेळां भात लावा. मेळ तुटला, पाण्याची ओढाताण झाली आणि कीड माजली. लॅन्सिंग यांनीं पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्या साहाय्यानें संगणकावर या साऱ्याचें प्रतिरूप मांडलें, तेव्हां देवळांची जुनी व्यवस्था पाणी आणि कीड या दोहोंचा तोल उत्तम साधीत होती, असें दिसून आलें. पुढें २०१२ मध्यें युनेस्कोनें सुबाकाच्या भूदृश्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. देव, मनुष्य आणि निसर्ग यांच्या सलोख्याचें जें तत्त्व तेथें सांगतात, त्याचें 'त्रि हित करण' हें नांव आपणांस ओळखीचें वाटावें असेंच आहे.

संगणक वापरून लॅन्सिंग यांनीं भोंवतालच्या शेताकडे पाहिलें. पुढील पिढीच्या पाहुण्यानें संगणक आणला, आणि शेत त्याच्या पडद्यामागची शोभा झालें. ज्या हिरव्या पायऱ्यांच्या देखाव्यावर कचेरीची वर्गणी ठरते, तो देखावा कोणी चिखलांत वांकून, पाण्याच्या पाळ्या सांभाळून दरवर्षीं नव्यानें तयार करतो. आणि चांगूच्या परिसरांत बंगले व कॉफीगृहें उठलीं तीं बरींचशीं याच भातखाचरांवर. खाचर विकलें जातें तें शेतकऱ्याच्या स्वखुशीनें, आणि मिळालेल्या पैशांतून त्याच्या मुलांचें शिक्षणहि होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि सुबाकांतील एक खाचर गेलें कीं पाण्याची एक पाळी अडते, आणि तो हिशेब त्या विक्रीच्या कागदांत येत नाहीं.

येथें 'भटका' या शब्दाकडे परत येणें भाग आहे. आमच्या दख्खनच्या पठारावर जो खरा भटका पिढ्यान्पिढ्या हिंडत आला, तो मेंढपाळ धनगर. त्याचा वाडा गांवाच्या शिवारांत उतरतो तेव्हां शेतकरी त्याची वाट पाहत असतो. कारण मेंढ्या रात्रीं शेतांत बसल्या कीं रानाला खत मिळतें, आणि त्याबद्दल धनगरास धान्य किंवा पैसे मिळतात. तो पुढें निघाला कीं मागें राहिलेली जमीन कसदार झालेली असते. भटकण्याचें हें शास्त्र आहे, आणि त्यांत यजमानाचें नांव पहिल्या ओळींत येतें. 'डिजिटल नोमॅड'च्या कर्त्यांनीं भटक्याचें चालणें घेतलें. त्याचा करार घेतला नाहीं.

भटकेपणाची दुसरी बाजू याहून कठोर आहे. १८७१ पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानें अनेक फिरत्या जमाती जन्मतःच संशयित ठरविल्या. त्यांनीं ठाण्यांत हजेरी द्यावी, परवान्यावांचून हलूं नये, असा दंडक होता. तो कायदा देशभर रद्द झाला तो १९५२ मध्यें. त्यानंतरहि या जीवनाचें दुःख किती उरलें, तें लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या 'उपरा' या आत्मकथनांत मराठी वाचकानें पाहिलें आहे. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गांवोगांव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबास एक जागा, एक शाळा, एक पत्ता हवा असतो. 'उपरा' वाचून माकिमोतो आणि मॅनर्स यांचें पुस्तक हातीं घ्यावें, म्हणजे भटकावें कीं स्थायिक व्हावें, हा प्रश्न मनुष्यमात्रापुढें सारखाच उभा नसतो, हें ध्यानीं येतें. कांहींपुढें तो निवड म्हणून येतो; कांहींपुढें तो शिक्षा म्हणून आलेला असतो. २०२४ मध्यें इंडोनेशियानें दूर राहून काम करणाऱ्या परदेशीयांसाठीं एक वर्षाचा स्वतंत्र परवाना सुरू केला. त्यासाठीं वार्षिक उत्पन्न किमान ६०,००० अमेरिकन डॉलर असावें, अशी अट घातली. एका काळीं गरीब भटक्यास हलण्यासाठीं परवाना लागे. श्रीमंत भटक्यास आतां राहण्यासाठीं परवाना मिळतो. शासनांनीं अशा फिरत्या लोकांसाठीं एकमेकांशीं चढाओढ करावी, हें १९९७ च्या भाकितांत बसणारेंच झालें. त्या चढाओढींत स्थानिक गवंड्याचें वा स्वयंपाकिणीचें स्थान काय, हें भाकीत बोलत नाहीं.

हा प्रश्न परक्या बेटापुरता उरलेला नाहीं. २०२० च्या महासाथीनंतर गोव्यांत आसगांव, शिवोली, हणजूण या गांवीं लॅपटॉप घेऊन उतरलेल्यांत मुंबई-पुण्याचे मराठी तरुणहि आहेत. उद्यां त्यांच्यांतून कोणी या जीवनावर मराठींत लिहील, आणि लिहावें. तेव्हां त्यानें बालीचा एक दिवस ध्यानांत ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

तो दिवस 'न्येपी'चा. बालींतहि शक-गणना चालते, आणि तेथील नववर्ष आपल्या पाडव्याच्या आगेंमागें येतें. त्या दिवशीं दिवा लावावयाचा नाहीं, काम करावयाचें नाहीं, घराबाहेर पडावयाचें नाहीं, विमानतळसुद्धां बंद. शके १९४० च्या न्येपीला, म्हणजे १७ मार्च २०१८ रोजीं, मोबाइलचें इंटरनेटहि बेटभर बंद ठेवण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं आपल्याकडे गुढ्या उभ्या राहिल्या. त्या एका दिवशीं पाहुण्यास कळलें असेल कीं, आपण ज्याला 'कोठूनहि' म्हणतों त्या जागेचें स्वतःचें पंचांग आहे. ज्या लेखकास तें पंचांग वाचतां येईल आणि ज्याच्या पुस्तकांत मेज पुसणारी बाई, पाण्याची पाळी राखणारा शेतकरी आणि वर्गणी भरणारा पाहुणा हे तिघे सारख्या उंचीचे उभे राहतील, त्याच्या पुस्तकाची आम्ही वाट पाहत आहों. प्रस्तुतच्या पहिल्या दोन ग्रंथांनीं त्या पुस्तकाचें एक पान लिहिलें आहे, आणि तें चांगलें लिहिलें आहे. बाकीचीं पानें अजून कोरीं आहेत.