उद्धरणसंख्येची मोजपट्टी आणि खगोलशास्त्रीय संशोधन : डॉ. जयंत नारळीकर यांच्या लेखनकार्याच्या संदर्भात

प्रस्तावना

संशोधकाची योग्यता त्याच्या शोधनिबंधांच्या आणि त्यांना लाभलेल्या उद्धरणांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला, तो मुख्यतः संबंधित संशोधन शोधून काढण्याचे साधन म्हणून. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला आणि संशोधकाचे आयुष्यभराचे कार्य एका अंकात मांडणे सोयीचे झाले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने महाविद्यालयीन अध्यापकाची पदोन्नतीही गुणांशी जोडली. हा अंक नेमके काय मोजतो, याचा विचार डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कार्याच्या आधारे करणे उद्बोधक ठरते.

प्रवाहाविरुद्धचे संशोधन

केंब्रिज येथे फ्रेड हॉयल यांच्यासमवेत नारळीकरांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्यामागे माख यांच्या तत्त्वाची प्रेरणा होती. स्थिर-स्थिती विश्वाचा पुरस्कारही या दोघांनी केला. परंतु १९६५ मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि विश्वशास्त्राचा मुख्य प्रवाह महास्फोट सिद्धान्ताकडे वळला. तरीही १९९३ मध्ये हॉयल व जेफ्री बर्बिज यांच्यासह नारळीकरांनी आभासी-स्थिर-स्थिती विश्वाची कल्पना मांडली.

उद्धरण हे बहुतांशी चालू संशोधनाच्या दिशेचे निदर्शक असते. ज्या प्रश्नावर शेकडो अभ्यासक काम करतात, त्यावरील सामान्य निबंधही वारंवार उद्धृत होतो. अल्पमतातील निबंधाला वाचकवर्गच मर्यादित असतो. शिवाय खंडनासाठी केलेले उद्धरण आणि आधारासाठी केलेले उद्धरण गणनेत सारखेच धरले जाते. १९६६ मध्ये हॉयल व नारळीकर यांनी स्थिर-स्थिती विश्वातील एका बुडबुड्यात द्रव्यनिर्मिती थांबते, अशी कल्पना मांडली होती. पुढील काळातील विश्वस्फीतीच्या कल्पनेशी तिचे साम्य आहे. मात्र स्फीतीचा इतिहास सामान्यतः ॲलन गुथ यांच्या १९८१ च्या निबंधापासून सांगितला जातो.

तथापि, उपेक्षा म्हणजे अन्याय असे समीकरण मांडणेही योग्य नव्हे. पार्श्वप्रारणाचा कृष्णपदार्थीय वर्णपट कोबे उपग्रहाने अचूकपणे मोजला. त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी आभासी-स्थिर-स्थिती सिद्धान्ताला अवकाशातील धातूंच्या सूक्ष्म तंतूंचे गृहीतक घ्यावे लागले. बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांना ते पटले नाही. येथे मुख्य प्रवाहाच्या नकाराला निरीक्षणांचा आधार होता, हे मान्य करावे लागते. अर्थात हा निष्कर्षसुद्धा युक्तिवाद तपासूनच काढता येतो. आकडा पाहून नव्हे.

गणनेबाहेरचे कार्य

१९८८ मध्ये अनुदान आयोगानेच पुण्यात 'आयुका'ची स्थापना केली आणि तिची धुरा नारळीकरांकडे सोपविली. विद्यापीठांतील अध्यापकांना तेथे येऊन संशोधन करता यावे, हा संस्थेचा मुख्य हेतू होता. तेथील संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्ये गुरुत्वलहरींचे संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धतीवर पायाभूत निबंध लिहिला. २०१६ मध्ये लायगोने शोध जाहीर केला, त्या निबंधाला एक हजारांहून अधिक लेखक होते. अशा निबंधाचे उद्धरण प्रत्येकाच्या खात्यात पूर्णपणे जमा होते. संस्था उभारणाऱ्याच्या खात्यात मात्र काहीच जमा होत नाही. विश्वशास्त्रावरील पाठ्यपुस्तक, मराठी विज्ञानकथा आणि २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारे 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र यांचे मोलही एच-निर्देशांकातून कळत नाही.

निष्कर्ष

उद्धरणसंख्या निरुपयोगी नाही. निबंध किती वापरला गेला, एवढे ती सांगते. तो कोणी, कशासाठी आणि किती काळाने वापरला, हे वाचूनच समजते. गुणांच्या तक्त्यावर अवलंबून असलेल्या अध्यापकाच्या दृष्टीने हा भेद तात्त्विक नाही. उद्धरणे हेच उद्दिष्ट ठरल्यास तो सुरक्षित विषय निवडील, आणि ज्या प्रश्नावर चुकण्याचा संभव आहे तो टाळील. नारळीकरांनी असा प्रश्न आयुष्यभर टाळला नाही.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठविताना त्यांनी नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेतले होते. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागील हेतू होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांपुढे लेखकाची कीर्ती नव्हती, केवळ मजकूर होता. मूल्यमापनाची ही रीत शोधनिबंधांच्या बाबतीतही अधिक विश्वासार्ह ठरेल.