ब्रेटन वूड्सच्या कथेत नाशिकरोडची प्रेस कुठंय?

दुसऱ्या महायुद्धानंतर सत्ता लंडनहून वॉशिंग्टनला कशी सरकली, यावर बेन स्टाइल यांचं ‘द बॅटल ऑफ ब्रेटन वूड्स’ (२०१३) हे पुस्तक वाचायला झकास आहे. इंग्रजांचे केन्स आणि अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट, दोघांची झुंज. माझी तक्रार त्या झुंजीबद्दलच आहे. जुलै १९४४ मध्ये तिथे ४४ देश जमले होते, पण पुस्तकात बाकीचे बहुतेक बघेच वाटतात. भारताच्या बाबतीत तर हे फारच खटकतं, कारण तेव्हा इंग्लंड आपलं देणं लागत होतं.

कसं ते बघा. युद्धासाठी इंग्रजांनी इथून माल आणि सैन्य घेतलं, पण त्यांच्या वाट्याचे पैसे लंडनच्या खात्यावर पौंडांत मांडून ठेवले. त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे रुपये काढायची. नोटा कुठे छापायच्या? आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, जी १९२८ पासून चालू होती. युद्धकाळात चलनातल्या नोटा सहापटींच्या आसपास गेल्या, महागाई भडकली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात या महागाईचाही हात होता. युद्ध संपलं तेव्हा येणं होतं सुमारे १३० कोटी पौंड!

पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराला पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. व्यापाऱ्याकडे पैसे अडकले की कागदावर सावकार आपण, पण फोन मात्र आपणच करत बसायचं. ब्रेटन वूड्सला भारताने मागणी केली की येण्याचा काही भाग डॉलरमध्ये बदलून मिळावा. केन्स यांचा पवित्रा असा, की हे आमचं आम्ही परस्पर मिटवू. शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले (आम्हा सायन्सवाल्यांना तेवढाच आनंद).

एरिक हेलायनर यांचं ‘फरगॉटन फाउंडेशन्स ऑफ ब्रेटन वूड्स’ (२०१४) लॅटिन अमेरिका, चीन, भारत यांच्याकडे नीट बघतं. रंगत कमी, पण मला ते जास्त पटतं. स्टाइल यांच्या मांडणीत सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते. येणं असूनही वसूल करता न येणारा तिसरा त्यात बसतच नाही.

तरी या तिसऱ्याला काही मिळालंच. नाणेनिधीत ४० कोटी डॉलरचा कोटा, आणि सोव्हिएत रशिया बाहेर राहिल्यामुळे पहिल्या पाचांत जागा. पुढे अमेरिकी कर्जाच्या अटीपायी इंग्लंडने १५ जुलै १९४७ ला पौंड डॉलरसाठी खुला केला आणि २० ऑगस्टला परत बंद केला. आपला १५ ऑगस्ट याच पाच आठवड्यांतला. आपलं बरंचसं येणं मात्र तेव्हाही गोठवलेलंच होतं.