‘स्वतः’ कोण?

स्त्रियांच्या आत्मपर लेखनाची मराठीतील चर्चा बहुधा आशयापाशीच थांबते. बालविवाह, सासुरवास, शिक्षण, वैधव्य हे टप्पे नोंदवले की समीक्षकाचे काम संपते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकाच्या वाट्याला तर न्यायमूर्तींच्या चरित्राचे साधन होणेच अधिक आले. वस्तुतः लिंगभाव शिकला कसा जातो, हे या संहितेत आशयापेक्षा भाषेत अधिक उघडपणे दिसते.

१८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या होत्या. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते माधवराव ३१ वर्षांचे. पुढे घरात दोन शाळा एकाच वेळी चालू राहिल्या. पती अक्षरे शिकवीत होता. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया टोमण्यांनी आणि अबोल्याने मर्यादा शिकवीत होत्या. या दोहोंत निव्वळ विरोध पाहणे सोपे, पण अपुरे आहे. सुधारकाची पत्नी होणे हेही आज्ञापालनच होते. इंग्रजी शिकणे हा नव्या पतिव्रताधर्माचाच भाग ठरला. टोमणे मुकाट्याने सोसणे, हा धडा मात्र दोन्ही शाळांत समान होता.

याची खूण एका सर्वनामात उमटली आहे. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीमुळे रमाबाई माधवरावांचा निर्देश ‘स्वतः’ असा करतात. मराठीत हे आत्मवाचक सर्वनाम. ते सामान्यतः वाक्यातील कर्त्याकडे परत वळते. येथे आठवणी सांगणारी एक आणि ‘स्वतः’ दुसराच! कॅथरिन गेट्स यांच्या १९३८ च्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षकच ‘हिमसेल्फ’ आहे. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्दही या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. आत्मकथन असूनही ‘माझ्या’ आलेले नाही.

परंतु यावरून निवेदिकेला ‘स्व’ नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. (अलीकडच्या स्त्रीवादी वाचनांत ही घाई पुष्कळदा दिसते.) हे लेखन १९०१ नंतरचे, म्हणजे वैधव्यातले आहे. कोणता प्रसंग सांगायचा, पती कोठे बोलेल आणि कोठे गप्प राहील, हे येथे तीच ठरवते. अबोल्याने शिकवणारा गुरू अखेर शिष्येच्या वाक्यातले एक पात्र झाला आहे.

‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४–३६) लक्ष्मीबाई पतीला मोकळेपणाने ‘टिळक’ म्हणतात. अंतर मोठे आहेच. पण ते आडनाव आहे. ‘नारायण’ हे नाव घेणे तेथेही टळले आहे.