लेखणी, कळफलक आणि विचारशक्ती

हाताने टिपणे घेतली की विद्यार्थी विचार करू लागतो आणि कळफलकावर घेतली की विचार थांबतो, असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. आधार म्हणून बहुधा एकाच शोधनिबंधाचे नाव पुढे येते. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा हा निबंध २०१४ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातून नेमके काय सिद्ध होते?

पहिल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चित्रित व्याख्याने दाखवली. काहींनी वहीत, काहींनी लॅपटॉपवर टिपणे घेतली. सुमारे अर्ध्या तासाने चाचणी झाली. माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट सारखेच ठरले, संकल्पनांच्या प्रश्नांत वहीवाले पुढे गेले. लॅपटॉपवाल्यांनी मजकूर जास्त लिहिला होता. पण त्यात वक्त्याचेच शब्द अधिक होते. लेखकांचे म्हणणे असे की, हाताचा वेग कमी असल्याने निवड करावी लागते आणि निवडीसाठी अर्थ लावावा लागतो.

हे स्पष्टीकरण पटते, पण पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. हीदर उरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४२ विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग पुन्हा केला (२०२१). लॅपटॉपवर शब्दशः उतरवणे याही वेळी जास्त आढळले. गुणांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे सांगितलेले कारण हजर, परिणाम गैरहजर! पुढे २०२४ साली फ्लॅनिगन आणि सहकाऱ्यांनी २४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा वहीचा फायदा दिसला, पण तो लहान होता.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. म्युलर-ओपेनहायमर यांच्या चाचण्यांनी मोजले ते ऐकलेल्या व्याख्यानाचे आकलन. ‘हा पुरावा पुरेसा आहे का? दुसरे कारण संभवते का?’ असे विचारण्याची सवय म्हणजे चिकित्सक विचार. ती त्यांत मोजलेलीच नाही.

शिवाय हात मागे पडतो तो वक्ता आपल्या वेगाने बोलत असेल तेव्हा. आपण वर्गात सावकाश उत्तरे सांगतो आणि मुले ती स्वल्पविरामासकट उतरवतात, तिथे लेखणीही यंत्रच बनते.

मग नुसती सूचना द्यावी काय? मूळ निबंधातील दुसऱ्या प्रयोगात ‘शब्दशः लिहू नका’ असे लॅपटॉपवाल्यांना बजावले होते; त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून शिकवण्याची रीतच बदलून पाहावी. दहा मिनिटे शिकवावे, मग वह्या मिटवून मुलांना ऐकलेल्यावर स्वतःच्या शब्दांत तीन ओळी आणि एक शंका लिहायला सांगावी. टॅब्लेट घ्यायचे की बंद करायचे, हे शाळेने ठरवण्याआधी आपण हे करून पाहू शकतो. त्याला खर्च काहीच नाही.